पालकाची सही

काट्यावर उभं राहिल्यावर वाकून बघू नये, काटा हलतो, हे काशिनाथराव वऱ्हाडपांडे यांनी कारखान्यात छत्तीस वर्षं लोकांना बजावून सांगितलं होतं, आणि आज ते स्वतःच बुटांच्या टोकांपलीकडचा आकडा वाचायला धडपडत होते. एक्कावन्न. दोन हजार एकवीसच्या आधी ते चौसष्ट किलो होते. त्यानंतर काट्यावर चढायचं काही कारण पडलं नव्हतं. "अंकल जी, आप तो कम पड़ रहे हैं," टेबलामागचा पिंटू म्हणाला. मिशा पांढऱ्या झालेल्या माणसाला पिंटू हे नाव शोभत नाही, पण भोपाळात एकदा चिकटलेलं नाव चितेपर्यंत सुटत नाही. बिनइंजिनाच्या ग्लायडरच्या पुढच्या सीटवर निदान पंचावन्न किलो लागतात, त्यानं समजावलं. माणूस हलका असला तर नाक वर राहतं, विमान ऐकत नाही. मग सीटखाली शिशाची पाटी बसवायची. "एक प्लेट लगा देंगे, टेन्शन मत लो." काशिनाथरावांना टेन्शन नव्हतं. त्यांचा उभा जन्म बॅलन्सिंग शॉपमध्ये गेला होता. अवाढव्य रोटर फिरवून बघायचा, कुठे हलका पडतो ते शोधायचं, तिथे नेमकं तेवढं वजन बसवायचं आणि मग कागदावर सही करायची. आपण स्वतः हलके पडतो आहोत, हे मात्र इतक्या सरळपणे त्यांना पहिल्यांदाच कोणी सांगत होतं.

घरी त्यांनी थाप मारली होती. हयातीचा दाखला द्यायला बँकेत जातो, असं लीलावतीबाईंना सांगून ते निघाले होते. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यानं आपण जिवंत असल्याचं बँकेला दाखवायचं असतं, त्यामुळे थाप खपली. "मफलर घ्या," एवढंच बाई म्हणाल्या होत्या. आनंद नगरातून रायसेन रोडनं बाहेर, ऑटोनं वीस मिनिटं. इतक्या जवळच्या जागी यायला तेरा वर्षं लागली होती. जागाही काही फार नव्हती. एक गवताळ पट्टी, पत्र्याची शेड, शेडमध्ये लांबलचक पंखांची दोन पांढरी विमानं आणि पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला तार गुंडाळणारं एक इंजिन. ती तार विमानाला पतंगासारखी ओढून वर चढवते आणि मग सोडून देते. बस, एवढंच. काशिनाथरावांच्या कोटाच्या आतल्या खिशात सही न झालेल्या एका फॉर्मची घडी होती, आणि तिच्या काठावर बोट ठेवूनच ते ऑटोतून आले होते.

तो फॉर्म योगिनीनं आणला होता. दोन हजार बारा साल, दिवाळी नुकतीच झालेली, पोरगी बारावीत. आनंद नगरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढता काढता ती थांबायची आणि आभाळात बघत राहायची. एखादं पांढरं, आवाज न करणारं विमान घारींच्या बरोबरीनं गोल फिरत असायचं. "बाबा, त्यात पॅसेंजरला पण बसवतात. अठरा पूर्ण नसतील तर फक्त पालकाची सही लागते." फक्त सही! काशिनाथरावांच्या सहीला फक्त म्हणणारं माणूस कारखान्यात जन्माला आलं नव्हतं. डोळ्यांनी बघितल्याशिवाय, हातानं चाचपल्याशिवाय त्यांनी कुठल्या कागदावर सही केली नव्हती. साहेब ताटकळत उभे राहिलेले होते, माल गाडीत चढायचा राहिलेला होता, पण सही नाही म्हणजे नाही. "तार कितीची आहे? टेस्ट कधी झाली? मी रविवारी जाऊन बघतो, मग सही." ती हसून म्हणाली होती, "बाबा, मी रोटर नाहीये." पुढच्या रविवारी ओव्हरटाइम निघाला. त्याच्या पुढच्या रविवारीही. फॉर्म टेबलाच्या खणात गेला, परीक्षा आली, कॉलेज आलं, शाहपुऱ्यातल्या एका आर्किटेक्टकडे नोकरी आली, आणि तिनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही. पोरींचे हट्ट असेच विरतात, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं होतं.

मग कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नऊ दिवसांत ती गेली. सव्वीस वर्षांची पोरगी. आठव्या दिवशी दवाखान्याच्या फाटकाशी कोणीतरी त्यांच्यापुढे कागद धरला आणि त्यांनी सही केली. काय लिहिलं होतं ते त्यांना आजही माहीत नव्हतं. आयुष्यात एकदाच त्यांनी न वाचता सही केली, ती ही. तेराव्यानंतर तिचं आधार कार्ड शोधताना खणात तळाशी तो फॉर्म सापडला. नाव, वय, पत्ता तिच्या गोल अक्षरात भरलेला. पालकाची सही, ती रेघ कोरी. त्या कोऱ्या रेघेनं त्यांचा पिच्छा पुरवला. पोरीनं उभ्या आयुष्यात आपल्याकडे एकच गोष्ट मागितली आणि ती न मिळताच ती गेली, हे त्यांच्या मनात इतकं घट्ट बसलं की जेवताना, अंघोळ करताना, टीव्हीसमोर बसल्यावरसुद्धा ते तिथंच येऊन थांबायचे. दर थोड्या दिवसांनी ते खण उघडून फॉर्म काढायचे, बघायचे आणि ठेवून द्यायचे. लीलावतीबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्या दोघांचं बोलणं आता दूध, औषध आणि गॅस सिलिंडर एवढ्यावर आलं होतं. ग्लायडिंग क्लबनं पॅसेंजरना परत बसवायला सुरुवात केल्याचं पेपरात आलं, तेव्हा काशिनाथरावांनी ते पान घडी करून उशीखाली ठेवलं. तिला मिळालं नाही ते आपण भोगून काय होणार होतं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. निदान काय हुकलं ते तरी डोळ्यांनी बघावं. तपासल्याशिवाय सही करत नाही म्हणणारा माणूस शेवटी तपासायला आला होता, इतकंच.

"पूरा नाम?" पिंटूनं पेन उचललं. त्यांनी सांगितलं. पेन अर्ध्यावर थांबलं. "वराड... ये नाम अपन ने लिखा है पहले. खाने में आ ही नहीं रहा था, नीचे की लाइन में लिखना पड़ा. एक लड़की थी, दुबली सी. स्पेलिंग बता-बता के हँस रही थी." काशिनाथराव म्हणाले, कोणी दुसरी असेल. बोलताना त्यांच्याच लक्षात आलं की भोपाळात वऱ्हाडपांडे म्हणजे काही पोत्यानं पडलेले नाहीत. पिंटूला मात्र आपली आठवण खरी करून दाखवायची हौस आली. सरकारी जागेतला क्लब, कागद फेकायची कोणाची छाती. कपाटातून त्यानं धूळ झटकत जुनं रजिस्टर काढलं, मग दोरीनं बांधलेली फाइल. "ये देखिए! दो दिसंबर, दो हजार बारह. वजन तैंतालीस. दो प्लेट लगी थी इसको. समय सात मिनट." आणि त्यानं फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला.

खणातल्यासारखाच दुसरा फॉर्म, गोल अक्षर योगिनीचं. खाली पालकाची सही. काशिनाथ रामचंद्र वऱ्हाडपांडे, आख्खं नाव, अक्षरं एकमेकांना धरून उभी, सही करायची सवय नसलेल्या हातानं काढलेली. काशिनाथरावांच्या मनात पहिली जी गोष्ट आली ती सांगायलाही लाज वाटावी अशी होती. त्यांना वाटलं, सही खोटी आहे, कागद नापास. छत्तीस वर्षांची खोड, ती दुःखाला विचारून थोडीच वर येते. मग त्यांची नजर कागदाच्या माथ्यावर गेली. इंग्रजीत छापलेल्या फॉर्मच्या अगदी वर, मधोमध, कोणी बघू नये अशा बेतानं काढलेला एक बारका श्री. वाण्याच्या यादीवर, धोब्याच्या हिशेबावर, गॅसच्या चिठ्ठीवरसुद्धा आधी श्री काढल्याशिवाय पुढचं अक्षर न लिहिणारी बाई त्यांच्याच घरात होती. "गॅसवाल्याला कशाला आशीर्वाद?" म्हणून त्यांनी तिची आयुष्यभर थट्टा केली होती. लग्नानंतर उखाण्याखेरीज जिनं नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नाही, तिनं इथे ते बापाच्या नावासकट लिहून टाकलं होतं. "आपकी बेटी है?" पिंटूनं विचारलं. त्यांनी मान हलवली. "क्या करती है आजकल?" काशिनाथरावांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि विचारलं, "कहाँ बैठना है?"

पायलट सत्यजित इथलाच, भोपाळात वाढलेला मराठी माणूस, पन्नाशीचा. त्यानं पट्टे आवळताना सांगितलं, "काका, हात मांडीवर ठेवा, ह्या दांड्याला टच नाही करायचं. भीती वाटली तर बोला, शांतीने खाली आणतो." सीटच्या खाली दोन खाचा होत्या. एकीत पिंटूनं पाटी सरकवून खिटी लावली, दुसरी मोकळी राहिली. दुसरीही बसवा, असं काशिनाथरावांच्या ओठावर आलं होतं, पण गरजेपेक्षा जास्त वजन बसवणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. वरचं काचेचं झाकण बंद झालं. काचेवर बाहेरून लाल लोकरीचा वीतभर धागा चिकटवलेला होता. तो सरळ राहिला म्हणजे विमान सरळ, सत्यजित मागून म्हणाला, आणि इतकं साधं, इतकं खरं यंत्र बघून काशिनाथरावांना क्षणभर बरं वाटलं. मग तार ताणली गेली. गवत धावायला लागलं, पाठीवर कोणीतरी दोन्ही हातांनी ढकलावं तसं झालं, नाक आभाळाकडे गेलं आणि पोट खालीच राहिलं. समोर नुसतं निळं. किती वेळ ते कळलं नाही. खाड्कन आवाज झाला, तार सुटली, नाक खाली आलं आणि सगळं थांबल्यासारखं झालं. इंजिन नाही, घरघर नाही, फक्त काचेवरून सरसरत जाणारा वारा.

ह्या शांततेत ती बसली होती. ह्याच सीटवर, दोन पाट्या खाली घेऊन, त्रेचाळीस किलोंची. म्हणजे मिळालं होतं तिला. साडेचार वर्षं उरावर घेऊन हिंडलेलं ते ओझं नुसतं चुकीचं होतं; रेघ कोरी नव्हती, पोरीचं काही राहिलं नव्हतं. काशिनाथरावांना आनंद झाला, अगदी खराखुरा, त्यांनी तोंडानं "वा" असं म्हटलंसुद्धा. सत्यजितला वाटलं, काकांना मजा येते आहे. पण तो आनंद वळणापर्यंतसुद्धा टिकला नाही. विमान एका पंखावर कललं, खालचं भोपाळ तिरकं झालं आणि त्यांच्या मनात आलं, की त्यानंतर ती आपल्या घरात आठ वर्षांवर जगली. रोज आपल्या शेजारी बसून जेवली. हे आभाळ पोटात घेऊन तिनं आपल्याला आमटी वाढली, आपल्या गोळ्या आणल्या, आपल्या मोबाइलचे फॉन्ट मोठे करून दिले, आणि एक शब्द बोलली नाही. सगळ्यात मोठी गंमत तिनं ज्याला सांगायची, त्या माणसालाच ती सांगता येत नव्हती. काय भीती वाटली असेल तिला? मारलं कधी नव्हतं. ओरडणंही नाही. फक्त प्रश्न विचारायचे. तार कितीची, टेस्ट कधीची, कोण बरोबर होतं, कोणी परवानगी दिली. प्रश्न विचारून विचारून गोष्टीचा जीव जायचा आणि मग ती पास व्हायची.

दोन डिसेंबर. रविवार होता. त्या रविवारी आपण ओव्हरटाइमला शॉपमध्ये होतो, हे त्यांना लख्ख आठवलं, कारण संध्याकाळी जेवताना तिनं एक विचित्र प्रश्न विचारला होता. "बाबा, आज साडेअकराला तुम्ही शॉपच्या बाहेर आला होता का हो?" आणि ते म्हणाले होते, कामाच्या वेळी बाहेर कशाला येईन? तिनं मान खाली घालून भात कालवला होता. लीलावतीबाईंनी उगाचच दुसऱ्यांदा तूप वाढलं होतं. तेरा वर्षं तो प्रश्न कुठल्या कोपऱ्यात पडून होता कोण जाणे. "काका, डावीकडे बघा, आपला कारखाना," सत्यजित म्हणाला. काशिनाथरावांनी बघितलं. चिमणी, पाण्याची टाकी, झाडांच्या रांगा आणि पत्त्यांसारखी मांडलेली शॉपची छपरं. एक लांबरुंद निळं छप्पर उन्हात चमकत होतं, दुसरं काही दिसण्याच्या आधी तेच दिसत होतं. ते भंगार मालाचं गोदाम. त्याच्या पलीकडे, दोन शेड सोडून, राखाडी, मळकं, आभाळातून कोणाच्या नजरेत भरू नये असं छप्पर होतं, ते बॅलन्सिंग शॉप. आपलं. छत्तीस वर्षं आपण त्याच्याखाली होतो आणि ते वरून असं दिसतं. दोन घारी पंखांखालून गेल्या. लोकरीचा धागा सरळ होता. काशिनाथरावांचे डोळे वाहत होते आणि हात मांडीवरून हलवायचे नाहीत असं बजावलेलं होतं, म्हणून त्यांनी वाहू दिले.

उतरल्यावर पिंटूनं विचारलं, मजा आया? नऊ मिनिटं झाली होती. तिच्यापेक्षा दोन जास्त. त्या दोन मिनिटांची त्यांना लाज वाटली.

घरी लीलावतीबाई पुढच्या खोलीत परातीत मटार सोलत बसल्या होत्या. टीव्ही बंद. उन्हाचा पट्टा त्यांच्या पायांपर्यंत आलेला. "मिळाला दाखला?" त्यांनी मान वर न करता विचारलं. काशिनाथरावांनी मफलर काढला, घडी केला, खुर्चीच्या पाठीवर ठेवला. काय बोलायचं ते ऑटोत दहा वेळा ठरवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. ते म्हणाले, "तिला दोन पाट्या लागल्या होत्या. मला एक लागली."

कसल्या पाट्या, असं बाईंनी विचारलं नाही. त्यांच्या बोटांत एक शेंग अर्धी उघडलेली होती, ती तशीच राहिली. त्या म्हणाल्या, "श्री काढला होता ना मी. तेव्हाच वाटलं होतं, ह्यानं पकडली जाणार."

"तू गेली होतीस बरोबर?"

"मग काय एकटीला पाठवणार? खाली उभी होते. डोळे मिटून जप करत होते, ते विमान गवतात उतरेपर्यंत उघडलेच नाहीत."

काशिनाथराव त्यांच्यासमोर खाली बसले. गुडघे वाजले. "साडेचार वर्षं," ते म्हणाले. "साडेचार वर्षं मी तो कोरा फॉर्म काढून बघतो आहे. तू दारातून बघत होतीस."

"बघत होते."

"एकदा म्हणायचं होतंस, की ती जाऊन आली आहे म्हणून. एवढंच म्हणायचं होतंस, लीला."

बाईंनी शेंग परातीत टाकली. रडतील असं वाटलं, पण त्या रडल्या नाहीत. "ती होती तेव्हा तिचीच शपथ होती. रोज म्हणायची, आई, आज सांगते बाबांना. आणि मग म्हणायची, नको, सही कोणी केली विचारतील, तुझ्यावर येईल. आणि ती गेल्यावर... बाकी सगळं तिचं दोघांचं होतं हो. फोटो दोघांचे, कपडे दोघांचे, लोक भेटायला यायचे ते दोघांना. हे एवढंच माझं एकटीचं होतं. तुम्हाला सांगितलं असतं, तर तेही तुम्ही तपासून बघितलं असतं."

ते खरं होतं, हे काशिनाथरावांना माहीत होतं. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. त्यांनी परातीतली एक शेंग उचलली आणि नखानं तिची शीर ओढली. आपल्याला राग यायला हवा, असं त्यांना वाटलं, आणि तो कुठेच सापडेना. एवढ्याशा घरात दोन माणसं एकाच पोरीला वेगवेगळी रडत बसली होती, एक खणाशी आणि एक दारात. ह्याचं फक्त वाईट वाटत होतं. फार वाईट वाटत होतं.

"खाली आल्यावर काय म्हणाली?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीसारखा येऊ नये म्हणून ते हळू बोलले.

"काय म्हणणार. नुसती हसत होती. केस सगळे विस्कटलेले. म्हणाली, आई, आवाजच नाही ग तिथे." बाईंचे हात परत चालायला लागले होते. "आणि तुमचं शॉप दिसलं म्हणाली. कसं ओळखलंस विचारलं, तर म्हणाली, न ओळखायला काय झालं, सगळ्यात मोठं आहे, निळ्या छपराचं, उन्हात नुसतं चमकत होतं. तुम्ही आत असाल म्हणून हात केला म्हणाली. हा असा. पायलट हसायला लागला, तरी करतच राहिली." परातीवरचा हात त्यांनी वर उचलून हलवला, आणि तो हात खाली यायला बराच वेळ लागला. मग त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. गेल्या साडेचार वर्षांत असं सरळ त्यांनी बघितलं नव्हतं. त्यांच्याकडे पोरीचं जे एकटीचं म्हणून काही होतं, ते त्यांनी देऊन टाकलं होतं, आणि आता ते तपासलं जाईल म्हणून त्या थांबल्या होत्या.

"निळंच आहे ना हो तुमच्या शॉपचं छप्पर?"

काशिनाथरावांच्या डोळ्यांपुढे ते राखाडी, मळकं छप्पर आलं, दोन शेड पलीकडचं. त्यांनी हातातली शेंग सोलली, दाणे परातीत टाकले.

"निळंच," ते म्हणाले. "मी आतच होतो."